गब्बर आणि तिसरं वळण

रविवारची सकाळ. सव्वासहा वाजलेत. शनिवारची रात्र जागवलेलं निम्मं पुणं अजून पांघरुणात आणि उरलेलं निम्मं वेताळ टेकडीवर. मी दुसऱ्या गटात. म्हणजे मनाने पहिल्याच गटात, पण घरात कुत्रा असला की असल्या गोष्टी आपल्या हातात राहत नाहीत, बॉस!

तर मी आणि गब्बर पंचवटीच्या बाजूने टेकडी चढतोय. कानात इअरफोन, हातात पट्टा, डोक्यात सोमवारची डेडलाइन. आणि तिसऱ्या वळणावर गब्बर बसला. नुसता थांबला नाही, बसला. आधी मागचे पाय किंचित थरथरले, मग त्याने बूड टेकलं, आणि रस्त्याच्या मधोमध आमचा धरणं कार्यक्रम सुरू.

मी पट्टा ओढला. ‘चल ना रे, नाटकं नकोत.’ त्याने माझ्याकडे पाहिलं, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि जागचा हलला नाही. मागून कानटोपीवाले काका आले. (बाराही महिने कानटोपी घालणारे एक काका प्रत्येक टेकडीवर असतातच.) हसून म्हणाले, ‘वय झालं आता गब्बरशेठचं!’ मीही हसले. फोटो काढला आणि ‘संडे मूड’ असं लिहून स्टेटसला टाकला. लोकांना जाम आवडला.

त्या फोटोची मला आज लाज वाटते. का, तेच सांगायचंय.

ज्यांनी वेताळ टेकडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं (असे पुणेकर असतील तर त्यांनी हे चारचौघांत बोलू नये). पुणे शहरातली ही सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. एका अंगाला पाषाण, दुसऱ्या अंगाला कोथरूड, तिसऱ्या अंगाला सेनापती बापट रोड आणि लॉ कॉलेज. वर एआरएआयच्या इमारती, वेताळबाबाचं देऊळ आणि दगडाची जुनी खाण. खाणीत पावसाळ्यात पाणी साठतं आणि मग निम्म्या कोथरूडचे डीपी तिथेच काढले जातात. फेब्रुवारीत गिरिपुष्पाची झाडं पानं टाकून फिकट गुलाबी फुलतात. एप्रिलमध्ये सगळं गवत वाळून पिवळंधम्म. जूनच्या पहिल्या सरींनंतर आठवड्याभरात तीच टेकडी ओळखू येत नाही. आणि मोर! हिंजवडीच्या कॅबची वाट बघत उभं राहणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटांवर मोर ओरडताना ऐकू येतो, हे सुख पुण्यातच.

गब्बर आमच्याकडे आला तेव्हा माझी दहावी नुकतीच संपली होती. पिवळा लॅब्रॅडॉर, दीड महिन्याचा, आणि नाव बाबांनी ठेवलेलं. या गब्बरला कुकरच्या शिट्टीची भीती वाटायची हा भाग वेगळा. आज तो बारा वर्षांचा आहे आणि मी अठ्ठावीस. अकरावी, मास कॉम, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, एक ब्रेकअप, मग फ्रीलान्सिंग... या सगळ्यात एकच गोष्ट कायम, ती म्हणजे रविवारी टेकडी. आधी आम्ही तिघं जायचो, बाबा, गब्बर आणि मी. घरापासून देवळापर्यंत चाळीस मिनिटं, आणि गब्बर त्यातलं प्रत्येक अंतर तीनदा चालायचा. पुढे पळायचा, मागे यायचा, आम्ही मेलो नाही ना हे बघायचा, पुन्हा पुढे. (हो, तेव्हा पट्टा नसायचा. एकदा तो मोराच्या मागे लागला आणि बाबांनी त्याला आणि मला एकदमच झापलं. तेव्हापासून पट्टा.)

मग बाबांचे गुडघे दुखायला लागले आणि ते यायचे बंद झाले. ‘तुम्ही जा, मी पेपर वाचतो.’ कोणी फारसं विचारलं नाही. मग चाळीस मिनिटांची पन्नास झाली, मग तासभर. मी समजत होते की मी फोनवर जास्त वेळ घालवतेय, म्हणून.

घर सपाट असतं ना, तीच गंमत आहे. कुत्र्याला हॉलमधून किचनमध्ये आणि किचनमधून हॉलमध्ये जायला काय लागतं? शिवाय जेवणाच्या वेळी लॅब्रॅडॉर नेहमी तरुणच असतो. रोज बघणाऱ्याला रोजचा फरक कळत नाही. टेकडी मात्र जागची हलत नाही. तोच चढ, तीच वळणं, तोच मुरूम. पूर्वी तिसऱ्या वळणावर तो पळत असायचा, आता बसतो, एवढा सरळ हिशोब. पण तो करायला मला त्या रविवारनंतरही चार महिने लागले. चार महिने आम्ही तिसऱ्या वळणावर बसत राहिलो आणि मी ‘वय झालं’ म्हणत राहिले.

मराठी घरांत ‘वय झालं’ हे दोन शब्द म्हणजे निदान, औषध आणि डिस्चार्ज कार्ड, सगळं एकदम. आजीला ऐकू येत नाही? वय झालं. बाबा जिन्यात थांबतात? वय झालं. कुत्रा टेकडी चढत नाही? त्याचंही झालं.

आता मागे वळून बघितलं की एकेक गोष्ट दिसते. २०२३ च्या एप्रिलमध्ये बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात टेकडीप्रेमींनी मोर्चा काढला होता, तेव्हा मी गब्बरलाही नेलं होतं. गळ्यात छोटासा बोर्ड, लोक सेल्फी काढतायत, साहेब एकदम सेलिब्रिटी. अर्ध्या वाटेत तो एका गाडीच्या सावलीत जाऊन पसरला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मी म्हटलं, ऊन आहे. ऊन होतंच, पण बाकीचे कुत्रे चालत होते.

मग चालताना येणारा आवाज. डांबरी रस्त्यावर मागच्या पायांची नखं घासली जायची, खर्र... खर्र... मला वाटायचं नखं वाढलीत. वाढली होतीच, कारण चालणं कमी झालं होतं. पण मधल्या दोन नखांची टोकं वरच्या बाजूने झिजली होती. म्हणजे पाय नीट उचललाच जात नव्हता. हे मला नंतर डॉक्टरांनी दाखवलं. मी मात्र त्याला नखं कापायला पार्लरमध्ये नेलं, वर चारशे रुपयांचा शॅम्पूही करून आणला!

सगळ्यात भारी म्हणजे दिवाळी. दर लक्ष्मीपूजनाला गब्बरचा मुक्काम बाथरूममध्ये. दारं बंद, टीव्ही मोठ्याने, आई शेजारी स्टूल टाकून बसलेली, असा आमचा सण. मागच्या दिवाळीत खालच्या पोरांनी दहा हजारांची माळ लावली आणि गब्बर हॉलमध्ये पंख्याखाली ढाराढूर! आम्ही इतके खूश झालो की विचारू नका. आई म्हणाली, ‘शहाणा झाला गं माझा बाळ.’ तिने त्याला अर्धा अनारसा दिला.

तो शहाणा झाला नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं.

हे मला कळलं ते एका फालतू दुपारी. मी घरी लेख लिहीत होते, गब्बर पाठ करून झोपलेला. माझ्या हातून स्टीलचं ताट पडलं. अख्ख्या सोसायटीला कळलं असेल. गब्बरचा कानही हलला नाही. मी त्याच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या. मग नाव घेतलं. मग मोठ्याने नाव घेतलं. शेवटी हात लावला तर तो केवढ्याने दचकला! आणि मला एकदम आठवलं, गेले काही महिने दार उघडल्यावर तो धावत येत नाही, आणि मी मनातून रुसले होते. आता माझी किंमत राहिली नाही, असं काहीतरी. बिचारा येणार कसा? त्याला मी आलेलीच कळत नव्हती.

त्या दिवशी मी एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती. वहीत लिहायला बसले. काय काय बदललंय? कान. चढ. नखं. गाडीत उडी मारण्याआधी तो दोनदा विचार करतो. डोळ्यांत निळसर झाक आलीये. बरगडीजवळ लिंबाएवढी मऊ गाठ आहे (ती वर्षभर होती, आम्ही तिला कुरवाळायचो). तोंडाला वास येतो. आणि पाणी... पाणी किती पितो हा! भांडं सारखं रिकामं. आम्ही मोठं भांडं आणलं होतं, प्रॉब्लेम सॉल्व्ह!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे. आमच्याच भागातल्या तरुण डॉक्टर, फारशा हसत नाहीत, पण त्यांच्याकडे गेल्यावर गब्बर शेपटी हलवतो, म्हणजे चांगल्या असणार. त्यांनी आधी काहीच तपासलं नाही. बाहेरच्या गल्लीत त्याला चालवून आणायला सांगितलं आणि स्वतः मागे उभ्या राहून बघत राहिल्या. मग मी वहीतली यादी वाचली. पाण्याशी आल्यावर त्यांनी हात वर केला. ‘किती पितो?’ मी म्हटलं, खूप. ‘खूप म्हणजे किती लिटर?’

हा प्रश्न घरी कुत्रा असलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा. सोपं आहे. सकाळी मोजून पाणी भरायचं, दिवसभर त्यात भर घालाल तीही मोजायची, दुसऱ्या दिवशी उरलेलं वजा करायचं. असं तीन दिवस. ढोबळ हिशोब असा की दिवसाला दर किलो वजनामागे शंभर मिलीच्या वर गेलं तर ते तहान म्हणून सोडून द्यायचं नाही. किडनी, मधुमेह, हार्मोन्स, काहीही असू शकतं. गब्बरचं वजन निघालं छत्तीस किलो. आम्ही मोजलं ते रोज चार लिटरच्या आसपास भरलं.

मग रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी. बिलाचा आकडा सांगत नाही. तीन लेखांचं मानधन गेलं एवढंच समजा.

निकाल असा. निळसर डोळे म्हणजे मोतीबिंदू नाही, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं आणि तशी झाक दिसते. बहुतेक कुत्र्यांना त्यातूनही बऱ्यापैकी दिसतं. हे खरोखरच वय. गाठ सुईने तपासली तर चरबी. पण डॉक्टर ठणकावून म्हणाल्या, ‘मऊ लागते म्हणून चरबीच, असं हाताने कळत नाही. सुई घालूनच बघायचं.’ कानही वयामुळे, त्यावर इलाज नाही. तोंडाचा वास मात्र वय नव्हे, दातांवरचं कीटण आणि सुजलेल्या हिरड्या. टेकडी चढत नव्हता तो माज नव्हे. दोन्ही खुब्यांच्या सांध्यांची वाट लागली होती. मागच्या मांड्यांवर हात फिरवायला सांगितला, तर हाडं हाताला लागत होती. पुढून बघणाऱ्याला गुबगुबीत लॅब्रॅडॉर, मागे मांसच उरलेलं नाही. दुखतं म्हणून पाय वापरायचा नाही, वापरला नाही म्हणून मांस जातं, मांस गेलं की सांध्यावर आणखी भार. आणि वर सहा किलो जास्तीचं वजन, त्यात बाबांच्या चहाबरोबरच्या बिस्किटांचा वाटा मोठा.

आणि किडनी. आकडे वाढलेले होते. फार नाही, पण वाढलेले. डॉक्टर म्हणाल्या की रक्तात हे आकडे वाढलेले दिसतात तोवर किडनीचं बरंचसं काम गेलेलं असतं, आणि गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळायचं.

‘आधी आणलं असतं तर?’ मी विचारलं.

‘आधी कळलं असतं,’ त्या म्हणाल्या. एवढंच. पुढे त्यांनी काही ताणलं नाही, पण मला ते तीन शब्द पुरेसे होते. चार महिने मी त्याला तिसऱ्या वळणापर्यंत पट्ट्याने ओढत नेलं होतं. दुखत असताना. तो एकदाही ओरडला नाही. कुत्रा लंगडतो, ओरडतो, तेव्हाच त्याला दुखतं असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो फक्त कमी करतो. कमी चालतो, कमी उड्या मारतो, कमी खेळतो. आणि आपण म्हणतो, किती शांत झालाय!

घरी आल्यावर आणखी एक कळलं. मधल्या काळात बाबांनी स्वतःची गुडघ्याची गोळी अर्धी करून पोळीतून त्याला द्यायची म्हणून काढून ठेवली होती. ‘एवढं चढवत नाही त्याला, बघवत नाही गं.’ नशीब, आईने दिली नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊ शकतात, किडनी बसू शकते, आणि याची किडनी आधीच थकलेली. (जनावरांना डायक्लोफिनॅक देण्यावर तर आपल्याकडे २००६ पासून बंदीच आहे, गिधाडांमुळे. पण तो वेगळा विषय.) मात्र मला त्या गोळीपेक्षा एक गोष्ट जास्त लागली. त्याला दुखतंय हे घरात एकट्या बाबांच्या लक्षात आलं होतं. कसं आलं, ते विचारायची गरज नव्हती.

जाता जाता तो सातचा फंडा. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे आपली सात, हे सगळ्यांना पाठ असतं आणि ते फारसं बरोबर नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी १०४ लॅब्रॅडॉरच्या डीएनएवरच्या खुणा तपासल्या, तर वर्षाचा कुत्रा आपल्या तिशीतल्या माणसाएवढा निघाला. मग वेग मंदावतो. त्या हिशोबाने बारा वर्षांचा गब्बर सत्तरीचा. म्हणजे कॉलेजला असताना मी ज्याच्याबरोबर टेकडीवर दंगा करत होते तो खरं तर माझ्या काकाच्या वयाचा होता! मोठ्या जातींचे कुत्रे सात-आठ वर्षांचे झाले की त्यांना ज्येष्ठ धरतात, आणि तेव्हापासून वर्षातून दोनदा तपासणी करावी असं डॉक्टर सांगतात. आम्ही लसीकरणापलीकडे कधी गेलोच नव्हतो.

आता आमच्या घरात गब्बरला पाय घसरू नये म्हणून व्हिट्रिफाइड टाइल्सवर सतरंज्या आणि माझी योगा मॅट. (मॅटला तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी वापरलं.) गाडीत चढायला प्लायवूडची फळी, तिच्यावर जुना गालिचा ठोकलेला. फॉस्फरस कमी असलेलं, किडनीचं खाणं, जे त्याने पहिले दोन दिवस माझ्याकडे बघत बघत नाकारलं. बिस्किटं बंद, त्याऐवजी डॉक्टरांना विचारून काकडी. सांध्यांसाठी किडनीला झेपेल अशी औषधं, दर सहा आठवड्यांनी रक्त. ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणा. तळहात वर म्हणजे ये, खाली म्हणजे बस. चार दिवसांत शिकला. झोपलेला असला की आधी जमिनीवर पाय आपटायचा, मग हात लावायचा. पाच महिन्यांत साडेतीन किलो उतरलं आणि डांबरावरची खरखर बरीच कमी झाली. किडनीचे आकडे आहेत तिथेच आहेत. डॉक्टरांच्या मते ही चांगली बातमी आहे.

आणि टेकडी? मला वाटलं होतं, संपली. डॉक्टर म्हणाल्या, बंद अजिबात करायचं नाही, फक्त ठरवणार तो. रोज थोडं थोडं सपाटीवर, आणि रविवारी जमेल तेवढा चढ. रविवारी एकदम दीड तास आणि आठवडाभर सोफा हे त्याला नको, आणि खरं तर कोणालाच नको. (शनिवार-रविवारीच ट्रेक करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, वाचताय ना?)

त्यामुळे आता आमचा प्रोग्राम बदललाय. आम्ही पंचवटीतून निघतो, पहिल्या वळणापर्यंत गब्बर नाकाने पेपर वाचतो. प्रत्येक झुडूप, प्रत्येक दगड, काल रात्री कोण येऊन गेलं, सगळी बातमी. पूर्वी मी त्याला पुढे ओढायचे, आता उभी राहते. इतकी वर्षं या वाटेने गेले, पण पहिल्या वळणावर सकाळी उन्हाची तिरीप नेमकी कुठून येते हे आत्ता दिसलं. वारुळं आहेत, मोरपीस कधीतरी सापडतं, बुलबुल भांडत असतात. देवळापर्यंत आम्ही पाच महिन्यांत एकदाही गेलो नाही. कानटोपीवाले काका विचारतात, ‘आज कुठवर?’ मी म्हणते, ‘विचारा त्यालाच.’

या नव्या वेगाचा आणखी एक फायदा झाला. बाबा परत यायला लागलेत. आधी ‘नुसतं खालपर्यंत सोडायला येतो’ म्हणून आले. मग पहिल्या वळणापर्यंत. त्यांनाही मी वही काढून विचारलं की किती दिवस, कुठे, चढताना की उतरताना. त्यांनी विषय बदलला. पण गुरुवारी हाडांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे, आईने घेतलीये, आणि ‘वय झालंय, त्यात काय दाखवायचं’ हे वाक्य आमच्या घरात आता चालत नाही.

मागच्या रविवारी थोडा पाऊस होऊन गेला होता. मातीचा वास, हवा गार. दुसऱ्या वळणावर गब्बर थांबला, मीही थांबले. पट्टा सैल. दोन मिनिटं त्याने वारा हुंगला आणि मग स्वतःच उठला. तिसऱ्या वळणापर्यंत गेला, त्याच्या त्या नेहमीच्या जागेपाशी पोचला आणि बसलाच नाही. आणखी दहा-बारा पावलं वर गेला, मान वळवून बघितलं, शेपटी फिरवली.

मी फोन खिशातच ठेवला. मागून धापा टाकत बाबा येत होते. ‘हळू रे, हळू,’ ते म्हणाले.

गब्बरला अर्थातच ऐकू आलं नाही.